बाहेरच्या घड्याळाचा खटका

सिग्नल जनरेटरच्या, म्हणजे विजेचे ठोके मोजून सोडणाऱ्या यंत्राच्या, मागच्या बाजूला दोन सॉकेट होती. एक बाहेरून येणाऱ्या क्लॉकसाठी, म्हणजे ठोक्यांच्या तालासाठी, दुसरे बाहेरून येणाऱ्या ट्रिगरसाठी, म्हणजे ठोके सुरू करण्याच्या हुकुमासाठी. पुढच्या बाजूला त्यांचे दोन खटके. खटका वर असला की यंत्र स्वतःच्या आतल्या क्लॉकवर चाले, खाली केला की बाहेरच्या. खटके इतके लहान होते की त्यांवर बोटाची फक्त कड बसे. त्यांपैकी क्लॉकचा खटका एका दुपारी मी वर केला. तो कोणी वर केला हे माझ्याखेरीज फक्त दोघांना ठाऊक होते. एकाला सांगायचे नव्हते. दुसऱ्याचे कोणी ऐकले नाही.

कारखाना चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत होता, जालना रस्त्यापासून जरा आत. पत्र्याचे छत, साठ-सत्तर माणसे. आम्ही आरपीएम मीटर बनवत होतो. इंजिन मिनिटाला किती फेरे घेते ते सुईने दाखवणारी ही उपकरणे. वाळूजला मोठे कारखाने उभे राहत होते, कामगारांच्या बसगाड्या सकाळी तिकडे भरून जात, आणि त्या कारखान्यांना लागणारे सटरफटर बनवणारी आमच्यासारखी छोटी युनिटे शहराच्या या टोकाला वाढत होती. शहराच्या भिंतींवर त्या वर्षांत दोन प्रकारच्या घोषणा होत्या. विद्यापीठाचे नाव बदला, आणि बदलू नका. विधिमंडळात ठराव होऊन बराच काळ लोटला होता. अंमल झाला नव्हता.

कारखान्यात या विषयावर बोलायचे नाही असा नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. तो एकाच बाजूच्या माणसांना लागू होता.

माझे घर नामांतराच्या विरोधात होते. घरात तसे स्पष्ट कोणी म्हणत नसे. "प्रदेशाचं नाव आहे, राहू द्या की," एवढेच म्हणत आणि चहा मागत. मीही कुठे काही म्हणालो नाही. पुढे वर्तमानपत्रात गेल्यावर या सवयीला तटस्थपणा म्हणतात हे कळले.

टेस्टिंग विभागात आम्ही तिघे होतो. विभागाचे साहेब, मी आणि तो. साहेब पन्नाशीचे, शिस्तीचे, कोणाशी वाईट न वागणारे. मी कायम होतो. तो हंगामी होता. सात महिने भरले की त्याला ब्रेक मिळे, पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावले जाई. असे तीनदा झाले होते. तो शेंद्र्याचा, बौद्ध घरातला. आयटीआय करून आलेला. रोज जालना रस्त्याने सायकलवर येई आणि आल्यावर पायऱ्यांवर बसून पँटच्या खालच्या कडेला लावलेल्या दोन क्लिपा काढून खिशात ठेवी. वयाने तो माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा होता. तो मला तुम्ही म्हणायचा. मी त्याला तू म्हणायचो. हे कोणी ठरवलेले नव्हते.

आमचे काम साधे होते. इंजिनाच्या एका फेऱ्याला साठ ठोके धरलेले होते, म्हणून जनरेटरमधून सेकंदाला दीड हजार ठोके सोडायचे, ते मीटरला द्यायचे आणि मीटरची सुई दीड हजारावर येईपर्यंत आतला बारीक स्क्रू फिरवायचा. सुई जागेवर आली की स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा थेंब टाकायचा, म्हणजे तो पुन्हा हलत नाही. नंतर दाखला. प्रत्येक मीटरबरोबर तपासणीचा एक छापील दाखला जाई. त्यावर आकडे आणि तारीख ऑफिसातली टायपिस्ट भरी, खाली तपासणाऱ्याची सही. सही करण्याचा अधिकार साहेबांनी त्याला दिला होता, कारण त्याचा हात स्थिर होता आणि त्याचे मीटर परत येत नसत. हंगामी माणसाला असा अधिकार नियमात बसत नव्हता. नियम कोणी काढून पाहिला नाही.

आकडे टायपिस्टकडे जाण्याआधी एका कच्च्या कागदावर उतरवले जात. मीटरचा नंबर, सुईचे वाचन, खोलीचे तापमान, आणि क्लॉक आतले की बाहेरचे. दाखले टाइप झाले की कच्चा कागद फाडून टाकायचा, ही पद्धत.

क्लॉकचा रकाना त्याच्यामुळे आला होता. सकाळी आठला लावलेले मीटर बरोबर निघत आणि दुपारी लावलेले थोडे चुकत, हे त्याच्या आधी कोणाच्या लक्षात आले नव्हते. त्याने एका कॅलेंडरच्या पाठीवर सहा दिवस दर तासाला वाचन लिहिले आणि साहेबांपुढे ठेवले.

"पत्रा तापला की आतलं क्लॉक मंदावतं, साहेब. यंत्र म्हणतंय दीड हजार सोडतोय. सोडत नाय. पंधरा-वीस कमीच सोडतं."

"यंत्राच्या तोंडावर तर दीड हजारच दिसतंय."

"तोंडावर दिसणारच. ते त्याच्याच हिशेबानं मोजतंय की."

साहेबांनी दोन दिवस विचार केला आणि वरून मंजुरी आणून एक क्वार्ट्झचा ठोकळा मागवला. बुटांच्या खोक्याएवढी करडी पेटी, तिला ना काटे ना आकडे. तिच्यातून निघणारे ठोके उन्हाने बदलत नसत, पण तिला स्वतःला थंड आणि सतत चालू ठेवावे लागे. सबंध कारखान्यात एअर कंडिशनर एकच होता, साहेबांच्या केबिनमध्ये. पेटी तिथे ठेवली. केबिनच्या प्लायवूडच्या भिंतीला त्याने हाताच्या ड्रिलने भोक पाडले आणि वायर आमच्या बेंचपर्यंत आणली. पेटीला सगळे घड्याळ म्हणू लागले. असेंब्लीतल्या बाया येता-जाता विचारत, "काय वो, तुमच्या घड्याळात किती वाजले?" तो म्हणायचा, "मोजून सांगतो, थांबा," आणि त्या हसत पुढे जात.

रोज अकरा वाजता खटका खाली. आतले बंद, बाहेरचे चालू. बाहेरचे येईनासे झाले तर यंत्र काहीच सोडत नसे. एक लाल दिवा लागे आणि सुई शून्यावर पडून राही.

ट्रिगरचेही त्यानेच मार्गी लावले. काही मीटरांत फेरे मोजणारा आकड्यांचा भाग असे. तो तपासायला बटण दाबायचे, जनरेटरने बरोबर हजार ठोके सोडून थांबायचे, आणि मीटरवर हजार दिसायला हवेत. कधी अकराशे दिसत, कधी दोन हजार. साहेबांनी चांगले मीटर नापास करून असेंब्लीकडे परत पाठवले होते. दोष मीटरचा नव्हता. बटण दाबताना आतली पत्री एकदा टेकत नाही, तीनदा-चारदा थरथरते, आणि यंत्र प्रत्येक थरथर म्हणजे नवा हुकूम समजते. त्याने घरून एक हिरवी साबणाची डबी आणली, तिच्यात दोन-चार भाग बसवले आणि बटण व यंत्र यांच्या मध्ये ती डबी जोडली. त्यानंतर एका दाबाला एकच हुकूम जाऊ लागला. डबीला कधी कधी लाइफबॉयचा वास येई.

साहेब खूश झाले. त्यांनी त्याला माझ्यासमोर सांगितले, "या दिवाळीला तुला कायम करायचं पत्र टाकतो. माझा शब्द." त्या दिवशी तो पँटला क्लिपा न लावताच निघाला, आणि फाटकाबाहेर जाऊन थांबून लावल्या.

त्याला कायम व्हायचे होते. घरी दोन एकर होते, त्यावर तीन भाऊ. त्याला मुलगी झाली होती. ब्रेकच्या पंधरा दिवसांत तो कोणाच्या ना कोणाच्या शेतावर रोजाने जाई, आणि परत आल्यावर चार दिवस त्याच्या बोटांना सोल्डरिंगची बारीक तार नीट धरता येत नसे. हे त्याने मला एकदाच सांगितले, तेही मी विचारले म्हणून.

नामांतराच्या मोर्चाची तारीख जवळ आली तेव्हा भिंतीवरच्या घोषणा पुन्हा रंगवल्या गेल्या. मोर्चा क्रांती चौकातून आयुक्त कार्यालयावर जायचा होता. साहेबांची एक थट्टा त्या दिवसांत चालू होती. जेवणाच्या सुटीत ते बाहेरच्या पाहुण्यांना बेंच दाखवत, आणि जनरेटरवर हात ठेवून म्हणत, "हे इंटर्नलवर चालतं, एक्सटर्नलवर चालतं." मग त्याच्याकडे बोट करून, "आणि हा आमचा एक्सटर्नल ट्रिगर. मुंबईत कोणी बटण दाबलं की हा इथं सुरू." पाहुणे हसत. मीही हसत असे. तो एकदा म्हणाला, "साहेब, मधी डबी बसवलीय ना आता. एका दाबाला एकदाच जातो." त्यावर सगळ्यात मोठ्याने साहेबच हसले.

मोर्चाच्या दोन दिवस आधी त्याने सुटी मागितली. मी बेंचवर होतो. केबिनचे दार उघडे होते.

"महिनाअखेर आहे," साहेब म्हणाले. "पुण्याचे पन्नास मीटर जायचेत. त्याच दिवशी."

"एकच दिवस, साहेब."

"मागच्या मोर्चाला गेला नव्हतास ना? मग याच वेळी काय अडलंय?"

"ठराव झाला त्या सालात मामाचं घर जाळलं व्हतं. गावात. तवा माझी आयटीआयची परीक्षा व्हती. मी गेलो नाय. आई अजून काढती ते."

साहेबांनी पेपरवेट इकडचा तिकडे केला. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आधी लिहिले आहे. ते म्हणाले, "अर्ज देऊ नकोस. अर्ज वर गेला की कारण विचारतील, आणि दिवाळीच्या वेळेला ते कोणाच्या तरी लक्षात राहील. हजेरी मी लावतो. तू परस्पर जा. फक्त एक कर. पन्नास दाखल्यांवर सह्या करून जा, म्हणजे माल अडायला नको. मीटर हा लावील."

हा म्हणजे मी.

त्याने माझ्याकडे पाहिले. "जमंल ना तुम्हाला?"

"त्यात काय आहे," मी म्हणालो.

"अकराला बाहेरच्यावर टाका. इसरू नका."

संध्याकाळी जाण्याआधी त्याने पन्नास कोऱ्या दाखल्यांवर सह्या केल्या. प्रत्येक सही पूर्ण, घाई न करता. शाई वाळायला दाखले बेंचवर ओळीने मांडून ठेवले. साहेबांनी त्याच्यावर केलेला उपकार आणि त्याने केलेली परतफेड एकाच बेंचवर पडली होती, असे मला पुढे कधीतरी सुचले आणि मी ते खोडले. साहेबांनी उपकार केलाच होता. त्यात खोट नव्हती.

मोर्चाच्या दिवशी सकाळी मी सतरा मीटर लावले, आतल्या क्लॉकवर, थंड हवेत. ते बरोबर होते. अकराला खटका खाली केला. बाहेरच्या क्लॉकवर आणखी सहा झाले. साडेबाराच्या सुमारास लाल दिवा लागला आणि सुई पडली.

केबिनला कुलूप होते. मी फाटकावर गेलो. चौकीदार शहागंजकडचा म्हातारा होता. त्याने स्टूल फाटकाच्या आत ओढून घेतले होते.

"साब तो निकल गए जी," तो म्हणाला. "उनके घर से फोन आया था. बोले शहर में गडबड हो सकती, अंधेरा होने के पहले तुम लोग भी निकलो."

"केबिनची चावी?"

"लेके गए ना. मेन स्विच बंद किए, ताला मारे, गए. रोज का तो है उनका."

हे खरे होते. साहेब निघताना केबिनचा मेन स्विच नेहमी बंद करत. भिंतीवर वीज वाचवा अशी पाटी त्यांनीच लावली होती. रोज ते सगळ्यांच्या शेवटी जात. तेव्हा काम संपलेले असे आणि घड्याळ बंद पडले तरी कोणाचे अडत नसे. पेटी सतत चालू ठेवायची असते, हे तो त्यांना दोनदा सांगून थकला होता. रोज सकाळी केबिन उघडताच स्विच चालू करण्याची विनंती त्याने शेवटी चौकीदाराला केली होती. त्या दिवशी साहेब भर दुपारी गेले आणि सवयीने स्विच बंद करून गेले.

मी बेंचपाशी परत आलो. सत्तावीस मीटर उरले होते. ट्रान्सपोर्टचा टेम्पो चारला येणार होता. पत्रा इतका तापला होता की वर कावळा बसला तरी आवाज करून लगेच उडे. मी खटका वर केला. लाल दिवा विझला. यंत्राच्या तोंडावर दीड हजार आले, नेहमीसारखे स्वच्छ. मी पहिल्या मीटरचा स्क्रू फिरवला, सुई जागेवर आणली, लाल थेंब टाकला. मग दुसऱ्याचा.

मला माहीत होते. हे इथे लिहिणे आवश्यक आहे. ते सत्तावीस मीटर चुकीचे जात आहेत, हे मला पहिल्या थेंबाआधी माहीत होते. कॅलेंडरच्या पाठीवरचे त्याचे आकडे मी पाहिले होते. चूक थोडी असेल, कोणाच्या लक्षात येणार नाही, असे मी धरून चाललो. कच्च्या कागदावर मात्र मी प्रत्येक ओळीत जे होते ते लिहिले. चोविसाव्या ओळीपासून क्लॉकच्या रकान्यात पुन्हा आतले. तापमान एकेचाळीस. खोटे लिहायची मला सवय नव्हती.

टायपिस्टने आकडे आणि तारीख भरली. दाखल्यावर क्लॉकचा रकाना नव्हता. टेम्पो गेला. कच्चा कागद फाडायचा राहिला. माझ्या शर्टाच्या खिशात तो घरी आला.

दुसऱ्या दिवशी तो आला. घसा बसला होता. "किती वाजता टाकलं बाहेरच्यावर?" त्याने विचारले.

"अकराला."

तेही खरे होते.

सहा आठवड्यांनी पुण्याचा माल परत आला. ग्राहकाच्या कारखान्यात मीटर बाहेरच्या एका प्रयोगशाळेकडून तपासून घेतले गेले होते. तेवीस बरोबर, सत्तावीस एकाच दिशेने चुकलेले, जास्त दाखवणारे. सोबत पन्नास दाखले, खालच्या कोपऱ्यात पन्नास एकसारख्या सह्या. पत्रात लिहिले होते की चूक यंत्राची नाही, तपासणाऱ्याच्या निष्काळजीपणाची दिसते. दिवाळीला अठरा दिवस होते.

मॅनेजरांच्या खोलीत आम्हाला बोलावले. साहेब खुर्चीवर, आम्ही दोघे उभे. टेबलावर दाखल्यांचा गठ्ठा आणि हजेरीपत्रक.

"ही सही तुमची?" मॅनेजरांनी त्याला विचारले.

"माझी."

"मीटर तुम्ही लावले?"

"नाय. त्या दिवशी मी नव्हतो."

मॅनेजरांनी हजेरीपत्रक फिरवून त्याच्यापुढे केले. त्याच्या नावापुढे हजर होते. साहेबांच्या हातचे. तो साहेबांकडे बघत राहिला. साहेब टेबलाच्या काचेखालच्या एका जुन्या लग्नपत्रिकेकडे बघत होते.

"हजर असून नव्हतात," मॅनेजर म्हणाले. "मग होतात कुठे?"

मोर्चात होतो म्हटले तर हजेरी खोटी ठरत होती आणि सह्याही. नव्हतो म्हटले नाही तर मीटर त्याचे ठरत होते. दोन्ही वाटा एकाच जागी जात होत्या, आणि ते कळायला त्याला माझ्यापेक्षा कमी वेळ लागला असावा. तो माझ्याकडे वळला.

"ह्यांना इचारा. बेंचवर हे व्हते."

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिले. मी कायम होतो. खरे सांगितले असते तर मला एक मेमो मिळाला असता. फार तर एक वाढ थांबली असती. साहेबांना ऐकून घ्यावे लागले असते. त्यापलीकडे काही झाले नसते. हा हिशेब मी तिथे उभा असतानाच केला होता, नंतर नाही.

"तुम्ही सांगा. हे दाखले कोणाचे?"

"दाखल्यावर सही त्यांचीच आहे," मी म्हणालो.

त्या वाक्यात चूक नाही. आजही तपासले तरी निघणार नाही. पुढे पंचवीस वर्षे मी इतरांच्या बातम्यांत अशी वाक्ये शोधून काढली आणि लिहिणाऱ्याला उभे करून विचारले, हे खरे आहे, पण तू काय झाकतोयस?

मी त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला 'त्यांची' म्हणालो होतो. ते त्याच्या लक्षात आले असणार.

कामावरून कमी केल्याचे पत्र दुपारी निघाले. त्यात निष्काळजीपणा हा शब्द होता, मोर्चाचा उल्लेख नव्हता. त्याने कपाटातला डबा, शाईचे पेन आणि बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला. साबणाची डबी यंत्राला जोडलेली होती. ती काढायला त्याने हात पुढे केला. साहेब म्हणाले, "ते राहू दे. कंपनीच्या कामाला बसवलंय ते." त्याने हात मागे घेतला. पायऱ्यांवर बसून पँटला क्लिपा लावल्या आणि गेला.

त्या संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये मला बोलावून चहा दिला. तो मी प्यायलो. दिवाळीत एक नवीन माणूस आला. त्याला डबी कशी वापरायची ते मी शिकवले. डबीवर आता मालमत्तेचा नंबर रंगवलेला होता. केबिनच्या मेन स्विचवर मात्र कोणीतरी चिकटपट्टी लावून ठेवली होती, तो कोणी बंद करू नये म्हणून. ती साहेबांनीच लावली असावी.

दीड वर्षाने मी कारखाना सोडला आणि शहरातल्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो. तिथे माझी अचूकतेबद्दल ख्याती झाली. त्याने कामगार न्यायालयात दावा लावल्याचे मला एका वकिलाकडून कळले. तो खटला चालला त्या काळात मी न्यायालयाच्या बातम्या पाहत असे. त्याच्या तारखेला मी तिकडे जात नसे.

विद्यापीठाचे नाव बदलले त्या दिवशी मला कमानीजवळ पाठवले होते. गर्दी खूप होती. लोक खेड्यांतून आले होते, बायका नव्या लुगड्यांत, म्हातारे नातवांच्या आधाराने. मी वहीत नोंदी घेत उभा असताना कोणीतरी शेजारी येऊन थांबले. तो होता. केस पांढरे होत होते. हाताला धरून आठ-नऊ वर्षांची मुलगी. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला तोच बारीक स्क्रूड्रायव्हर.

"लिवताय व्हय?"

"हो. तुम्ही कसे आहात?"

"बरंय. उस्मानपुऱ्यात दुकान हाय. टीव्ही, रेडिओ. चालतंय."

मी काही विचारायच्या आधी तोच म्हणाला, "केस गेली. दोन वर्सं झाली. वर्सातून तीनदा तारखा, आणि एका दिवशी संपलं."

"मला कळलं होतं."

"तुम्हाला साक्षीला बोलवा म्हणला वकील. मी नगं म्हणलं."

"का?"

त्याने मुलीच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधायला घेतली. "तुम्ही खरंच बोलला असता. पण कोणतं, ते मला ठरवता आलं नाय."

गर्दीतून घोषणा उठली आणि मुलीने हात वर केला. त्याने ती घोषणा संपू दिली.

"मी कोर्टात कच्चा कागद मागितला व्हता," तो म्हणाला. "कंपनीनं लिहून दिलं, असा कागद आमच्याकडं नसतोच. आता तसा तो फाडतातच. पण त्या दिवशी मी नव्हतो, टेम्पोची घाई, म्हणून म्हणलं असंल कुठं. व्हता का?"

"होता."

"फाडला?"

इथे 'हो' एवढा एक शब्द पुरला असता. त्या शब्दाने त्याचे काही बिघडले नसते, केस संपली होती.

"माझ्याकडे आहे," मी म्हणालो. "घरी."

तो माझ्याकडे पाहत राहिला. राग मला दिसला नाही. जनरेटरचे वाचन घेताना तो असाच थांबून बघत असे, सुई खरोखर स्थिर झाली का ते.

"क्लॉकपुढं काय लिवलंय?"

"आतले. चोविसाव्यापासून."

"आन् तापमान?"

"एकेचाळीस."

त्याने मान हलवली. "बरोबर लिवलंय मग," तो म्हणाला. मुलीला त्याने खांद्यावर घेतले, कमानीवरचे नवे नाव तिला दिसावे म्हणून, आणि ती मोठ्याने एकेक अक्षर वाचू लागली. ते वाचून होईपर्यंत तो तिथे उभा होता, माझ्याकडे पाठ करून. मग गर्दीत पुढे गेला.

ऑफिसात येऊन मी बातमी लिहिली. नाव, वेळ, कोण बोलले, बंदोबस्त किती. डेस्कवर कोणी एक शब्द बदलला नाही.